स्कॉटलंडच्या संसदेतल्या समित्या : जप्ती, जाळी, बोटी आणि एका सहीचा अर्ज

फोर्थकाठ

मागे ब्रिटनच्या निवडणुकांवरच्या धाग्यात दोघातिघांनी विचारलं होतं, की लंडनमध्ये एवढी मोठी संसद असताना स्कॉटलंडला वेगळी संसद हवी कशाला, आणि ती करते तरी काय. तिथे उत्तर देत बसलो असतो तर मूळ विषय भरकटला असता, म्हणून हा वेगळा धागा. मी एडिंबरात राहतो. राजकारण हा माझा पेशा नाही, पण हॉलीरूडच्या (इथल्या संसदेला याच नावाने ओळखतात) समित्यांचं कामकाज मी नियमित बघतो. बातम्यांत दिसतो तो गुरुवार दुपारचा फर्स्ट मिनिस्टरांच्या, म्हणजे इथल्या सरकारच्या प्रमुखांच्या, प्रश्नोत्तरांचा गोंगाट. खरं काम होतं ते समित्यांच्या खोल्यांमध्ये, आणि त्याबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. सप्टेंबर १९९७ मध्ये स्कॉटलंडमध्ये सार्वमत झालं, १९९८ मध्ये कायदा झाला, मे १९९९ मध्ये पहिली निवडणूक झाली आणि १ जुलै १९९९ पासून संसदेच्या हाती अधिकार आले. सदस्य १२९. आरोग्य, शिक्षण, पोलीस, न्यायालयं, शेती, मासेमारी, घरबांधणी, रस्ते हे विषय इथे. संरक्षण, परराष्ट्र धोरण, चलन, स्थलांतर हे लंडनकडे. कायद्यात लंडनकडे राखून ठेवलेल्या विषयांची यादी आहे, त्या यादीत जे नाही ते सगळं एडिंबराचं. आपल्याकडच्या केंद्रसूची आणि राज्यसूचीची सवय असलेल्यांनी हा फरक लक्षात ठेवावा, कारण एखादा नवा विषय उपटला की तो आपोआप कुणाच्या पदरात पडतो हे त्यावर ठरतं.

आता मुद्द्याची गोष्ट. या संसदेला एकच सभागृह आहे. लंडनमध्ये कॉमन्समध्ये घाईत मंजूर झालेल्या कायद्याची लॉर्ड्समध्ये पुन्हा चाळणी होते. इथे ती सोय नाही. त्यामुळे संसद उभी करताना ही चाळणी समित्यांकडे द्यायची असं जाणीवपूर्वक ठरलं. लंडनमध्ये विधेयकाचं कलमवार काम एक तात्पुरती समिती करते आणि खात्याच्या कारभाराची चौकशी दुसरी, कायमची समिती करते. हॉलीरूडमध्ये दोन्ही कामं एकाच समितीची. म्हणजे वाहतुकीच्या विधेयकात बदल सुचवणारे सदस्यच उद्या बोटींचे पैसे कुठे गेले हे मंत्र्याला विचारतात. हे माझ्या मते या संसदेच्या रचनेतलं सगळ्यांत शहाणपणाचं कलम. खात्याची खडान्‌खडा माहिती असलेल्या माणसाला गुंडाळणं अवघड जातं.

विधेयकाचे टप्पे तीन. पहिल्या टप्प्यात समिती साक्षी घेते आणि विधेयकाच्या मूळ हेतूवर अहवाल देते. दुसऱ्यात समितीतच एकेका कलमावर दुरुस्त्या. तिसऱ्यात सगळं सभागृह. तीनातले दोन टप्पे समितीच्या अंगावर आहेत, यावरून वजन कळावं.

बैठका मंगळवार, बुधवार, गुरुवारी सकाळी. दुपारी सभागृह. खोल्यांना रॉबर्ट बर्न्स, अ‍ॅडम स्मिथ, मेरी सॉमरव्हिल, जेम्स क्लार्क मॅक्सवेल अशी नावं दिली आहेत. कुणालाही जाऊन बसता येतं, घरून थेट बघता येतं. कामकाजपत्रिकेवर पहिला विषय बहुतेक वेळा ठरलेला: आजचे अमुक अमुक विषय बंद दाराआड घ्यायचे का, यावर समितीचा निर्णय. म्हणजे दार लावायचं असेल तर तेसुद्धा आधी उघड दारात विचारून. मग अध्यक्ष साक्षीदारांचं स्वागत करतात आणि सांगतात, माइकला हात लावू नका, तो आमची माणसं चालू करतील. मासेमार असो, शाळेतली मुलं असोत की मुख्य आरोग्य अधिकारी, सगळ्यांना तेच वाक्य, तोच माइक. काही दिवसांत शब्दन्‌शब्द छापून संकेतस्थळावर येतो. मंत्री काय म्हणाले होते यावर पुढे वाद घालायला जागाच उरत नाही.

दोन जुनी उदाहरणं देतो, म्हणजे सुरुवातीपासूनचा बाज कळेल.

स्कॉटलंडमध्ये तेव्हा कर्ज किंवा कर थकला की बेलिफ घरात येऊन सामानाची यादी करायचे, प्रत्येक वस्तूची किंमत लावायचे आणि मग लिलाव. घरातला टीव्ही, कपाट, टेबल यांचे पैसे येऊन येऊन किती येणार? पण शेजारपाजारच्यांसमोर होणारी शोभा भयंकर, आणि धाक हाच त्या पद्धतीचा खरा उपयोग होता. टॉमी शेरिडन हे आपल्या पक्षाचे एकटेच सदस्य होते. त्यांनी ही जप्ती बंद करणारं विधेयक आणलं. सरकारचा विरोध होता. पण ज्या समित्यांनी साक्षी घेतल्या त्यांनी विधेयकाच्या बाजूने कौल दिला, आणि एप्रिल २००० मध्ये सत्ताधारी पक्षाचेच सदस्य सरकारविरुद्ध उभे राहिले. सरकारला माघार घ्यावी लागली, २००१ चा कायदा झाला. पुढच्या वर्षी सरकारने कर्जवसुलीची वेगळी पद्धत आणली हे खरं, पण संसद जेमतेम वर्षाची असताना समितीच्या अहवालाने सरकार हलतं हे लोकांनी पाहिलं.

दुसरं उदाहरण समितीने स्वतः आणलेल्या विधेयकाचं. हा अधिकार लंडनच्या समित्यांना नाही. घरातल्या छळापासून न्यायालयाचा मनाई हुकूम मिळाला तरी तो मोडणाऱ्याला पोलिसांनी लगेच अटक करण्याची सोय तोवर काही ठराविक नात्यांतच होती. न्याय समितीने विधेयक लिहिलं, आणि २००१ च्या कायद्याने ती सोय नातं कुठलंही असलं तरी मिळाली. स्कॉटिश संसदेचं समितीकडून आलेलं हे पहिलं विधेयक. २००३ मध्ये बालहक्क आयुक्तांचं पद निर्माण झालं तेही शिक्षण समितीच्या विधेयकातून. त्यानंतर मात्र समित्यांनी हे हत्यार फार कमी वेळा उचललं, आणि याची मला खंत वाटते.

सगळ्यांत मोठी गोष्ट जनतेच्या अर्जांची समिती. तिच्याबद्दल प्रतिसादांत लिहितो, नाहीतर हा लेखच संपायचा नाही. इथे आरोग्य, जहाजबांधणी, मत्स्यव्यवसाय यांतली जाणकार मंडळी आहेत. त्यांनी भर घालावी.

कोयनाकाठ

धागा आवडला. एक शंका. अर्जाला किती सह्या लागतात? लंडनच्या संसदेच्या संकेतस्थळावर दहा हजारांवर सरकारचं उत्तर आणि लाखावर चर्चेचा विचार, असं वाचल्याचं आठवतं.

फोर्थकाठ

लंडनबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. हॉलीरूडमध्ये एक सही पुरते. अर्जदाराची स्वतःची. विषय संसदेच्या अखत्यारीतला हवा, सार्वजनिक धोरणाचा हवा (माझ्या गल्लीतला दिवा बंद आहे, असा नको), आणि आधी सरकारकडे किंवा आपल्या लोकप्रतिनिधीकडे दाद मागितली होती हे सांगावं लागतं. एवढं जमलं की अर्ज समितीपुढे जातो आणि समितीला तो उघड बैठकीत विचारात घ्यावाच लागतो. इंटरनेटवरून अर्ज घेण्याची सोय जगात ज्या संसदांनी अगदी आधी केली त्यांत ही एक आहे.

लाख सह्यांची अट ठेवली की ज्यांच्यामागे संघटना आहे तेच दारापर्यंत पोचतात. एका सहीवर दार उघडलं की ज्यांचं दुखणं दुर्मीळ आहे, लाजेचं आहे, तेही येतात. जाळीचं प्रकरण असंच आलं.

स्टेथो

जाळीबद्दल मी लिहितो. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, पुण्यात प्रॅक्टिस करतो.

बाळंतपणानंतर किंवा वयानुसार खोकताना, शिंकताना, जिना चढताना लघवी निसटते. असंख्य बायकांना हा त्रास असतो आणि बहुतेक जणी तो कुणाला सांगत नाहीत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून त्यावर पॉलिप्रॉपिलीनची बारीक जाळीची पट्टी योनिमार्गातून बसवायची शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. वेळ थोडा लागतो, रुग्ण लवकर घरी जाते, म्हणून ती लोकप्रिय झाली. बऱ्याच जणींना गुणही आला. पण काही जणींच्या बाबतीत ती पट्टी आतल्या पेशींना कापत बाहेर येते, नसांना इजा होते, चालणं, बसणं, संसार सगळंच अशक्य होतं. काढायची म्हटलं तर सोपं नाही, कारण जाळीच्या भोकांतून शरीराच्या पेशी वाढून ती आत रुजलेली असते. काढणारे कसबी सर्जन जगात मोजके.

यातला सगळ्यांत वाईट भाग वैद्यकीय नाही. या बायका डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा त्यांना सांगितलं गेलं की हे जाळीमुळे नाही, तुमच्या मनाचे खेळ आहेत. आमच्या पेशाने याबद्दल मान खाली घालायला हवी.

स्कॉटलंडमधल्या दोन बायकांनी २०१४ मध्ये संसदेच्या अर्ज समितीकडे अर्ज केला: शस्त्रक्रिया थांबवा, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवा, गुंतागुंत झाली तर कळवणं सक्तीचं करा. त्यांनी समितीपुढे साक्ष दिली, काही जणी व्हीलचेअरवर आल्या होत्या. आरोग्यमंत्री अ‍ॅलेक्स नील यांनी त्याच महिन्यांत सगळ्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया स्थगित करायला सांगितलं. पुढचं फोर्थकाठ यांनी लिहावं.

फोर्थकाठ

धन्यवाद डॉक्टर. पुढचा भाग आनंदाचा नाही, पण तो सांगितल्याशिवाय समितीचं महत्त्व कळायचं नाही.

सरकारने स्वतंत्र तपासणी नेमली. २०१७ मध्ये तिचा शेवटचा अहवाल यायच्या आधी अध्यक्षांनी पद सोडलं, आणि रुग्णांच्या प्रतिनिधींनीही आमचं म्हणणं पातळ केलं म्हणून राजीनामे दिले. अशा वेळी साधारण काय होतं? अहवाल आला, मंत्र्यांनी स्वीकारला, विषय बंद. इथे तसं झालं नाही, कारण अर्ज समितीकडे अर्ज अजून उघडा होता. समितीने अहवाल लिहिणाऱ्यांना बोलावलं, बायकांना पुन्हा ऐकलं, २०१८ मध्ये आपला अहवाल दिला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तेव्हाच्या आरोग्यमंत्री जीन फ्रीमन यांनी शस्त्रक्रिया पूर्ण थांबवली. जानेवारी २०२२ मध्ये संसदेने एकमताने कायदा केला, की ज्यांनी पदरचे पैसे घालून जाळी काढून घेतली त्यांना ते परत मिळतील. त्यानंतर काही जणींना सरकारी खर्चाने ब्रिस्टलला आणि अमेरिकेत मिसुरी राज्यातही पाठवण्याची सोय झाली.

आणखी एक. या बायकांच्या मागे वर्षानुवर्षं जे तिघे सदस्य उभे राहिले ते तीन वेगवेगळ्या पक्षांचे. नील फिंडले लेबरचे, जॅक्सन कार्लॉ कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे आणि मंत्रिपद गेल्यावर अ‍ॅलेक्स नील स्वतः, सत्ताधारी एसएनपीचे (स्कॉटिश नॅशनल पार्टी). सभागृहात हे एकमेकांचं तोंड पाहत नसतील. समितीच्या टेबलाशी सरकारविरुद्ध एका बाजूला बसले. मला समित्यांबद्दल जे म्हणायचंय ते एवढंच आहे: सदस्य पक्षाची टोपी बाहेर काढून आत आला तरच समिती कामाची. बाकी नियम कितीही चांगले असोत.

बंदरवाला

मी जहाजावर इंजिनिअर होतो, आता किनाऱ्यावर. बोटींचं प्रकरण आमच्या धंद्यात फार चर्चिलं गेलं, म्हणून लिहितो.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची बेटं बोटीवर जगतात. औषध, दूध, शाळेचं सामान, पर्यटक, सगळं बोटीने. बोट बंद म्हणजे बेट बंद. २०१५ मध्ये सरकारी मालकीच्या कंपनीने क्लाइड नदीवरच्या फर्ग्युसन यार्डला दोन बोटी बांधायला दिल्या. करार ९७ दशलक्ष पौंडांचा. डिझेल आणि द्रवरूप नैसर्गिक वायू दोन्हींवर चालणारी इंजिनं, म्हणजे त्या यार्डसाठी नवंच काम. नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिली बोट पाण्यात सोडली तेव्हा पुलाच्या, म्हणजे जिथून कप्तान जहाज चालवतो त्या भागाच्या, खिडक्या नुसत्या रंगवलेल्या होत्या. आमच्यासारख्यांना ते चित्र बघूनच कळलं की काम किती बाकी आहे. २०१९ मध्ये यार्ड बुडाला आणि सरकारने ताब्यात घेतला. ती बोट, ग्लेन सॅनॉक्स, आरान बेटाच्या प्रवाशांना घेऊन निघाली जानेवारी २०२५ मध्ये. खर्च मूळ आकड्याच्या कित्येक पट.

जहाज बांधायला देताना बिल्डर्स रिफंड गॅरंटी घेतात. यार्डने जहाज दिलं नाही तर बँक तुमचे हप्ते परत करते. इथे पूर्ण गॅरंटी नसतानाही करार पुढे रेटला गेला. बोटी विकत घेणाऱ्या कंपनीने धोक्याचा इशारा दिला होता, तरी मंत्र्यांनी मान्यता दिली. शिवाय हप्ते टप्प्यांवर बांधलेले, त्यामुळे पैसे सुटावेत म्हणून कामाचा क्रम उलटसुलट झाला, हाही मुद्दा चौकशीत निघाला.

संसदेच्या ग्रामीण अर्थव्यवस्था समितीने डिसेंबर २०२० मध्ये अहवाल दिला. बोटखरेदीचं व्यवस्थापन साफ कोसळलं, असं स्पष्ट लिहिलं. त्या समितीत सत्ताधारी सदस्यही होते. मग २०२२ मध्ये लेखापरीक्षकांचा अहवाल, २०२३ मध्ये लोकलेखा समितीचा. पण मला विचारायचंय ते हे, की एवढं सगळं होऊन बेटावरच्या माणसाला काय मिळालं? बोट तर सात वर्षं उशिराच आली.

फोर्थकाठ

@बंदरवाला, समितीने बोट लवकर आणली नाही हे मान्य. समितीला वेल्डिंग करता येत नाही आणि मंत्र्याला काढताही येत नाही. पण करारावर मान्यता कुणाची, कागद कुठे आहे, इशारा कुणी दिला, हे प्रश्न समितीत विचारले गेले नसते तर रंगवलेल्या खिडक्यांच्या पलीकडे कुणी गेलं नसतं. दस्तऐवज नीट ठेवलेले नव्हते हेही त्याच प्रश्नांमुळे बाहेर आलं. पुढचा करार करणाऱ्या अधिकाऱ्याला आता ठाऊक आहे की हा कागद कधीतरी टेबलावर येणार.

मत्स्यगंधा

सामन माशाबद्दल मी. माझा विषय मत्स्यपालन.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि बेटांभोवती समुद्रात जाळ्यांच्या गोल पिंजऱ्यांत सामन वाढवतात. ब्रिटनच्या सगळ्यांत मोठ्या खाद्यनिर्यातींपैकी ही एक. जिथे शाळा टिकवायला पोरं उरली नव्हती अशा गावांत यामुळे नोकऱ्या आहेत, हे विसरून चालणार नाही. दुसऱ्या बाजूला, पिंजऱ्यांत दाटीने वाढलेल्या माशांवर सी लाइस नावाचे परजीवी माजतात, ते बाहेरच्या रानटी सामनला लागतात. रोग, मासे मोठ्या संख्येने मरणं, तळाशी साचणारी विष्ठा, औषधं, हे सगळं आहे.

हा विषयही अर्जातूनच मोठा झाला. २०१६ मध्ये रानटी सामन वाचवू पाहणाऱ्या एका संस्थेने अर्ज केला. २०१८ मध्ये आधी पर्यावरण समितीने आणि मग ग्रामीण अर्थव्यवस्था समितीने चौकशी केली. नोव्हेंबर २०१८ च्या अहवालात ६५ शिफारशी होत्या, आणि आहे तसं चालू ठेवणं मान्य नाही असं ठणकावून सांगितलं होतं. मी तो अहवाल पूर्ण वाचलाय. उद्योगाची बाजूही त्यात प्रामाणिकपणे मांडलेली आहे.

आणि मग? २०२४ मध्ये नव्या समितीला तोच विषय पुन्हा घ्यावा लागला. जानेवारी २०२५ च्या अहवालात म्हटलंय, प्रगती फारच संथ. सहा वर्षांनी! मधल्या काळात निवडणूक झाली, सदस्य बदलले, मंत्री बदलले. नव्या सदस्यांना सी लाइस म्हणजे काय इथपासून सुरुवात करावी लागते. फोर्थकाठ म्हणतात ती खडान्‌खडा माहिती साठायला समितीत माणूस टिकावा लागतो. तो टिकत नाही.

निवृत्त_लेखनिक

विधिमंडळाच्या कामकाजाशी माझा अनेक वर्षे संबंध होता, म्हणून तुलनेपुरते लिहितो.

महाराष्ट्र विधानमंडळातही समित्यांची परंपरा जुनी आहे. लोकलेखा, अंदाज, सार्वजनिक उपक्रम, पंचायत राज, विनंती अर्ज, आश्वासन. यांतली आश्वासन समिती मला विशेष महत्त्वाची वाटते. मंत्री सभागृहात “तपासून घेतो”, “कार्यवाही करू” असे म्हणाले की ते आश्वासन धरून पाठपुरावा करणे हे तिचे काम. पण दोन फरक मोठे आहेत. आपल्याकडे बहुतेक विधेयके समितीकडे जातच नाहीत. शक्ती विधेयक किंवा जनसुरक्षा विधेयक यांसारखे अपवाद संयुक्त समितीकडे गेले. जनसुरक्षा विधेयकावर बारा हजारांहून अधिक सूचना आल्या, म्हणजे विचारले तर लोक लिहितात. दुसरा फरक, आपल्या समित्यांच्या बैठका लोकांना खुल्या नसतात. साक्षीला आलेला सचिव समितीपुढे काय म्हणाला ते जनतेला कळते ते अहवालातून, आणि अहवाल कोण वाचतो?

बैठका बंद ठेवण्याची बाजूही आहे. कॅमेरा नसला की सदस्य पक्ष विसरून बोलतात, हे मी पाहिले आहे. तरीही निदान विनंती अर्ज समितीची बैठक अर्जदाराला तरी पाहता यावी, असे माझे ठाम मत आहे.

तटबंदी

सगळे फारच भारावलेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. पक्षाची टोपी बाहेर काढतात म्हणे. २०२१ विसरलात?

माजी फर्स्ट मिनिस्टर अ‍ॅलेक्स सॅमंड यांच्याविरुद्धच्या तक्रारी सरकारने ज्या पद्धतीने हाताळल्या ती बेकायदा होती, हे सरकारने जानेवारी २०१९ मध्ये न्यायालयात मान्य केलं. सॅमंड यांच्या वकिलांच्या खर्चापोटी पाच लाख पौंडांहून जास्त रक्कम सरकारी तिजोरीतून गेली. चौकशीला खास समिती नेमली. सरकारला मिळालेला कायदेशीर सल्ला दाखवा, असा ठराव सभागृहाने दोनदा केला, तरी सरकार महिनोन्‌महिने ढिम्म. तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांनी मार्च २०२१ मध्ये जवळपास आठ तास साक्ष दिली. आणि त्यांनी समितीची दिशाभूल केली का या प्रश्नावर समिती फुटली पाच विरुद्ध चार. चार सत्ताधारी पक्षाचे, हे सांगायची गरज नाही. त्याच आठवड्यात स्वतंत्र तपासनीस जेम्स हॅमिल्टन यांनी, स्टर्जन यांनी मंत्र्यांची आचारसंहिता मोडली नाही, असा निर्वाळा दिला. मग समितीच्या निष्कर्षाला वजन काय राहिलं? जिथे खुर्चीचा प्रश्न येतो तिथे समिती म्हणजे छोटं सभागृहच.

फोर्थकाठ

@तटबंदी, हा आक्षेप योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. पक्षाच्या नेत्याचं भवितव्य टांगणीला लागलं की समिती पक्षांत विभागते. फक्त एक सांगतो, त्या समितीने प्रक्रियेबद्दल जे दोष दाखवले, तक्रारदार बायकांना सरकारने वाऱ्यावर सोडलं हे जे लिहिलं, त्यावर फारसं दुमत नव्हतं. मतभेद एका माणसाबद्दल होता आणि बातम्या फक्त त्याच्याच झाल्या.

पण मूळ दुखणं मत्स्यगंधा म्हणतात ते आहे असं मला वाटतं. १२९ मधून मंत्री, अध्यक्ष, उपाध्यक्ष वजा केले की उरलेल्या शंभरेक जणांनी सगळ्या समित्या भरायच्या. पुष्कळजण दोन दोन समित्यांवर. एखादा सदस्य विषयात मुरायला लागला की पक्ष त्याला दुसरीकडे हलवतो. कुठल्या समितीचं अध्यक्षपद कुठल्या पक्षाकडे हेही पक्षांच्या बळानुसार वाटलेलं. लंडनमध्ये २०१० पासून बहुतेक चौकशी समित्यांचे अध्यक्ष सगळे खासदार गुप्त मतदानाने निवडतात. हॉलीरूडने हे फार आधी उचलायला हवं होतं. अध्यक्षाची खुर्ची पक्षाच्या मर्जीवर नसली की जीभ मोकळी होते.

अनघा_इन्व्हर्नेस

मी आजवर इथे फक्त वाचत होते, पण ए-नाइनचा उल्लेख कुणीच केला नाही म्हणून लिहिते.

पर्थ ते इन्व्हर्नेस हा आमचा दक्षिणेला जायचा रस्ता. कधी दुपदरी, कधी मध्ये दुभाजक असलेला चौपदरी, पुन्हा दुपदरी. रात्री, पावसात, समोरून ट्रक येत असताना आपण आता कुठल्या भागात आहोत हे क्षणभर कळत नाही. मुलगा मागे झोपलेला असतो आणि माझे हात स्टीअरिंगवर घट्ट. पूर्ण रस्ता २०२५ पर्यंत चौपदरी करू, असं सरकारने २०११ मध्ये सांगितलं होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये मंत्र्यांनी सांगितलं, जमणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नवी तारीख आली: २०३५.

२०२२ मध्ये या रस्त्यावर अपघातांत बरीच माणसं गेली. त्यानंतर इथल्याच एका बाईंनी संसदेकडे अर्ज केला. रस्ता पूर्ण करा, तोवर सुरक्षेचे उपाय करा, आणि या रस्त्यावर गेलेल्यांचं स्मारक करा. अर्ज समितीने त्यावर पूर्ण चौकशी लावली. दिलेल्या तारखेचं काय झालं हे विचारायला माजी फर्स्ट मिनिस्टर निकोला स्टर्जन यांना २०२४ मध्ये समितीपुढे बसवलं. मी ते सगळं ऐकलं. रस्ता त्याने एक इंचही वाढला नाही. पण दिलेला शब्द मोडला आणि वर्षानुवर्षं कुणी सांगितलं नाही, याचं उत्तर कुणीतरी समोरासमोर मागतंय, याची आम्हाला फार गरज होती.

तटबंदी, तुम्ही म्हणता तसं समितीचं वजन निष्कर्षावरून मोजलं तर कमी भरेल. आम्ही ते प्रश्नांवरून मोजतो.

वाटसरू

वेगळा विषय. इच्छामरणाचं विधेयकही याच समित्यांपुढे गेलं होतं ना? अशा विषयात समिती काय करू शकते?

फोर्थकाठ

हो. मार्गो मॅकडॉनल्ड यांना स्वतःला पार्किन्सन्स होता. त्यांनी आणलेलं विधेयक एका खास समितीने तपासलं, आणि डिसेंबर २०१० मध्ये ते सभागृहात मोठ्या फरकाने पडलं. २०१५ मध्ये दुसरं पडलं. लियम मॅकार्थर यांचं विधेयक मात्र मे २०२५ मध्ये पहिल्या टप्प्यात ७० विरुद्ध ५६ मतांनी पुढे गेलं. त्याआधी आरोग्य समितीने महिनोन्‌महिने साक्षी घेतल्या: उपशामक सेवेतले डॉक्टर, अपंगांच्या संघटना, धर्मगुरू, इतर देशांतले अनुभवी लोक. आणि शेवटी समितीने हो म्हणा किंवा नको म्हणा अशी शिफारस केलीच नाही. कारण मतदान सदसद्विवेकाचं होतं, पक्षादेश नव्हता. प्रश्न नेमके कुठे आहेत ते मांडून निर्णय सभागृहावर सोपवला. मला हे फार योग्य वाटलं. अपंगांना वाटणारी भीती आणि असाध्य आजाराच्या माणसाची कळकळ, दोन्ही त्या साक्षींच्या नोंदींत तशाच्या तशा आहेत. या विषयावर मत बनवण्याआधी त्या वाचाव्यात.

स्टेथो

वाचल्या आहेत. उपशामक सेवेतल्या डॉक्टरांच्या साक्षी आपल्याकडच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनाही वाचायला द्याव्यात अशा आहेत.

अनघा_इन्व्हर्नेस

एक विचारायचं होतं. मी इथे व्हिसावर आहे, नागरिक नाही. मला अर्ज करता येईल का? आमच्या भागात बाळंतपणासाठी दूरवर जावं लागतं, त्याबद्दल काही जणी मिळून लिहायचं म्हणतोय.

फोर्थकाठ

येईल. अर्ज करायला नागरिकत्वाची अट नाही, वयाचीही नाही. आरोग्यसेवा एडिंबराच्या अखत्यारीत येते, त्यामुळे विषय बसतो. (व्हिसाच्या नियमांबद्दल असता तर बसला नसता, तो लंडनचा.) मतदानही करता येतं बरं का. भारतीय नागरिक राष्ट्रकुलातले म्हणून आधीपासूनच करू शकत होते, आणि २०२० च्या कायद्याने इथे कायदेशीर राहणाऱ्या सगळ्याच परदेशी लोकांना स्कॉटिश निवडणुकांत तो हक्क मिळाला. मतदारयादीत नाव नसेल तर आधी ते घाला.

अर्ज लिहिताना एका रुग्णालयाची तक्रार असं स्वरूप ठेवू नका, तो परत येईल. ग्रामीण भागातल्या प्रसूतिसेवेचं धोरण काय असावं असं मांडा. आधी तुमच्या एमएसपींना (स्कॉटिश संसदेतल्या तुमच्या सदस्यांना) पत्र पाठवा, त्यांचं उत्तर जपून ठेवा आणि अर्जात त्याचा उल्लेख करा. मसुदा झाला की मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी वाचून देतो. समितीचे कर्मचारीही भाषा नीट करायला मदत करतात, त्यांना विचारायला संकोचू नका.

मत्स्यगंधा

अनघा, सह्या गोळा करण्यात वेळ घालवू नकोस, एक पुरते. त्याऐवजी चारपाच जणींचे अनुभव तारखांसकट लिहून ठेव: कळा सुरू झाल्या तेव्हा किती वाजले होते, किती अंतर, बर्फ होता का, गाडी कुणी चालवली. साक्षीला बोलावलं तर तेच विचारतील.

अनघा_इन्व्हर्नेस

दोघांचेही आभार. पत्राचा मसुदा या शनिवारी आम्ही बसून करतोय. एमएसपींचं उत्तर आलं की इथेच लिहीन.